पेटीतला कागद बोलतो
(कायदा मदत केंद्रात नव्याने आलेल्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



मानवी हक्कांचे काम कसे शिकावे, यावर मला बोलायला सांगितले आहे. मी वकील नाही. धर्मशास्त्राचा डिप्लोमा घेऊन मी या सेवेत आले. मला येतो तेवढा कायदा मी जव्हार-मोखाड्याच्या भागात, आठवडी बाजाराच्या दिवशी मांडलेल्या टेबलाशी बसून शिकले. माझे शिक्षक होते आपले वारली, कातकरी, कोळी बांधव आणि त्यांच्या पत्र्याच्या पेट्यांतले कागद.

आपल्याकडे सर्वांत जास्त लोक येतात ते २००६ च्या वनहक्क कायद्यासाठी. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब वनजमीन कसत असेल, तर ४ हेक्टरच्या मर्यादेत, प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढ्या जमिनीवर त्याचा हक्क मान्य होतो. दावा आधी ग्रामसभेपुढे येतो, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पुस्तकात हे एका पानात संपते. टेबलावर मात्र ते वर्षानुवर्षे चालते.

एका विधवा आजींचे उदाहरण सांगते. त्या उतारावर नागली-वरई पिकवतात. "तुमचा दावा बाद झाला," एवढेच त्यांना कोणीतरी तोंडी सांगितले होते. नियम काय म्हणतो? दावा फेटाळला तर त्याची कारणे नोंदवली पाहिजेत आणि निर्णय दावेदाराला प्रत्यक्ष कळवला पाहिजे. वरच्या समितीकडे दाद मागायला ६० दिवस असतात; समितीला योग्य वाटल्यास आणखी ३० दिवस मिळतात. म्हणून आमचे पहिले काम होते निर्णयाची प्रत मागण्याचा अर्ज लिहिणे आणि त्याची पोच घेणे. प्रत आली. कारण एका ओळीचे होते: पुरावा अपुरा.

आम्ही आजींना विचारले, "वनखात्याने कधी दंड केला होता का?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पावती आहे, पण ती दाखवायची नसते." २००५ च्या आधीची दंडाची पावती त्यांनी गुन्ह्याचा कागद समजून पेटीच्या तळाशी लपवली होती. दंड झाला याचा अर्थ सरकारने त्यांना त्या वर्षी त्याच जमिनीवर पाहिले होते. ज्या कागदाची लाज वाटत होती, तोच पुरावा ठरला. त्याच्या जोडीला सासऱ्यांनी घातलेला बांध, जुनी विहीर आणि गावातल्या दोन वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आम्ही जोडले. नियमांत हे सगळे पुरावे म्हणून मान्य आहेत.

सुनावणीला आजी स्वतः बोलल्या. बांध कोणी घातला, कोणत्या वर्षी पीक बुडाले, सगळे त्यांनी सांगितले. आम्ही फक्त मागे फाईल धरून उभे होतो. निकाल अजून यायचा आहे. तोवर त्यांना कोणी उठवू शकत नाही, कारण दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत जमिनीवरून काढू नये, असे याच कायद्याचे कलम ४(५) सांगते. हे कलम आजींना आता तोंडपाठ आहे.

तुम्हाला माझे सांगणे थोडके आहे. कुणाचा मूळ कागद ठेवून घेऊ नका. झेरॉक्स काढून मूळ लगेच परत द्या. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. जमीन मिळवून देऊ, असा शब्द देऊ नका. सोबत येऊ, असा द्या. कोर्टाचे काम निघाले तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो. आणि पट्टा मिळेल तेव्हा त्यावर पती-पत्नी दोघांची नावे आहेत का, हे आधी पाहा. कायद्यानेच ती दोघांची असायला हवीत.

गणनाच्या पुस्तकात सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात. त्यांच्या वतीने दुसरे कोणी बोलत नाही. मोशे त्यांचे म्हणणे देवापुढे नेतो, मुली खरे बोलतात असे उत्तर येते आणि पुढे सर्वांसाठी नियम होतो. एका घरच्या अर्जातून सगळ्या लोकांचा कायदा बदलला. मला आपले काम यात दिसते. माणसाला त्याचे म्हणणे मांडता येईल अशी जागा करून द्यायची आणि मग आपण बाजूला व्हायचे.

पुढच्या बाजाराला टेबलावर तुम्ही बसणार आहात. आधी ऐका, मग लिहा. प्रभू तुमच्या हातांना बळ देवो.