सॅम्पलर कुठला घेऊ?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून चौघांनी मला विचारलं, "पोराला सॅम्पलर हवाय, कुठला घेऊ?" म्हटलं, एकदाच सगळ्यांना सांगून टाकावं.

सॅम्पलर म्हणजे आवाज साठवून वाजवायचं यंत्र. ढोलकीची एक थाप रेकॉर्ड करायची, रबरी पॅडवर बसवायची. पॅडवर मारलं की तीच थाप ऐकू येते. १९८७ साली आलेल्या ई-म्यू एसपी-१२०० मध्ये जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून न्यूयॉर्कची हिप-हॉपवाली मंडळी रेकॉर्ड मुद्दाम जलद फिरवून आवाज भरायची आणि मग यंत्रात तो खाली उतरवायची. जागा वाचायची, शिवाय आवाजाला एक खरखरीत गोडी यायची. पुढच्याच वर्षी रॉजर लिन यांनी रचलेलं अकाई एमपीसी-६० आलं. त्यातली १६ पॅडची चौकट आजही तशीच आहे.

आता जागेची अडचण उरलेली नाही. पोराचा हात कसा चालतो, ते बघा. काठीने वाजवणारा असेल, स्टेजवर उभं राहायचं असेल, तर रोलँडचा एसपीडी-एसएक्स. त्याला नऊ पॅड असतात. बोटांनी वाजवणारा आणि फिरस्ता असेल तर एसपी-४०४ मार्क टू, सहा पेन्सिल सेलवरही चालतो. कॉम्प्युटरशिवाय अख्खं गाणं रचायचं असेल तर एमपीसी वन, पण त्याला प्लग लागतो. जुना घेत असाल तर प्रत्येक पॅड हळू आणि जोरात, दोन्ही वाजवून बघा.

एवढं सांगून खाली बसलो असतो, पण आज ते जमणार नाही.

ऑर्केस्ट्रात असताना मी कर्ज काढून एसपीडी-एसएक्स घेतला. गॅदरिंगला बाक बडवणारा आपला मित्र तेव्हा आमच्याकडे ढोलकीला होता. एका दुपारी मी त्याच्या चाळीसेक थापा रेकॉर्ड केल्या. त्याने हौसेने वाजवून दिल्या, वर चहाही त्यानेच पाजला. दोन महिन्यांनी मालक म्हणाले, "ढोलकी यंत्रात आहे ना, मग माणूस कशाला?" मी गप्प बसलो. सहा वर्षं त्याच्या थापांवर मी पाकीट घेतलं.

त्या सहा वर्षांत लावणी कधी रंगली नाही. डाव्या पुडीचा घुमारा तो तळहाताने दाबून प्रत्येक वेळी वेगळा काढायचा. माझ्याकडे होते ते चाळीस ठरलेले आवाज. नाचणारी वळून बघायची, तेव्हा तिला उत्तर देणारं कुणी नसायचं.

गेल्या वर्षी त्याच्या घरी गेलो, माफी मागितली. तो म्हणाला, "त्या दिवशी ढोलकी जरा उतरलेली होती रे. सांगायचं राहूनच गेलं." आता कुणाचाही हात रेकॉर्ड करायचा तर मानधन आधी ठरवतो, कागदावर लिहून. लावणी असली की ढोलकीला तोच, पॅडवर मी.

तेव्हा पोराला यंत्र जरूर घेऊन द्या. फक्त त्याला आधी विचारा, त्यात आवाज कुणाचा भरणार आहेस, आणि त्या माणसाला विचारलंस का?

तो तिसऱ्या रांगेत बसलाय. जेवणानंतर वाजवणार आहे. ढोलकी चढवलेली आहे. थांबा सगळे.