पाटीवरचा खेळ आणि आतला खेळ



कवी माणसाने व्हिडिओ गेमवर काय बोलावं, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. पण एका प्रसंगाने मला या विषयात ओढलं, तो आधी सांगतो.

मी राहतो सांगलीत. लेक साताऱ्याला दिलेली. तिचा मुलगा आठ वर्षांचा. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा हा पठ्ठ्या आईचा मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसलेला. डोळ्यांत पाणी. मी विचारलं, "काय झालं रे?" तर म्हणाला, "नाना, मला ती लेव्हलच येत नाहीये. मी ढ आहे."

ती म्हणजे कोणती? तर जाहिरातीत पाहिलेली. एक मुलगी आणि तिचं कुत्रं कोठडीत अडकलंय. एकीकडून पाणी येतंय, दुसरीकडून आग, मध्ये खिळे ठोकलेत. योग्य खिळा ओढला तर दोघं वाचतात. जाहिरातीतला हात मात्र मुद्दाम भलताच खिळा ओढतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं, अरे, एवढं साधं कळत नाही? आण इकडे, मी करतो! पोराने गेम उतरवून घेतला. आत निघालं काय? एका रंगाच्या तीन गोळ्या एका ओळीत आणायच्या, की त्या फुटतात. बस्स. अकरा दिवस तो गोळ्या फोडत होता, पुढे कधीतरी ती मुलगी भेटेल या आशेवर. मध्ये आईच्या खात्यातून ८९ रुपये गेले, त्याबद्दल बोलणी खाऊन झाली होती. त्या गेमचं नाव इथे सांगत नाही, तसले शेकड्यांनी आहेत.

मला झोंबलं ते वेगळंच. फसवलं दुसऱ्याने होतं आणि पोर स्वतःला ढ म्हणत होतं. हे मी आधी एकदा पाहिलेलं होतं.

१९९५ साल. बी.ए. होऊन मी नुकता नोकरीला लागलो होतो. धाकटा भाऊ, आमच्या घरचं शेंडेफळ, सातवीत. त्या काळी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम गावोगाव आले होते. जपानी कंपनीच्या मशिनची ती नक्कल, पण आम्हाला कुठे ठाऊक? त्यात घालायच्या पिवळ्याधमक कॅसेटी मिळत. एका कॅसेटवर छापलं होतं, '९९९९९९ इन १'. म्हणजे एका कॅसेटमध्ये दहा लाखांना एक कमी इतके खेळ! भावाच्या हट्टापायी पगारातले पैसे मोडून ती घेतली. पहिल्या रात्री त्याने दोनशे पानी वही काढली आणि खेळांची नावं लिहायला बसला. पंचविसेक खेळ झाले आणि पुन्हा तोच टोपीवाला मारिओ आला, फक्त नाव वेगळं आणि सुरुवात पुढच्या पायरीवरून. मग तीच बंदूकवाली जोडी, या खेपेला जास्त जीव घेऊन. पुन्हा मारिओ. भाऊ तीन रात्री शोधत राहिला. म्हणाला, "भाईजान, मला बहुतेक पुढची यादी उघडता येत नाहीये."

मी कॅसेट घेऊन दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "भाई, यादीत नावं आहेत का नाहीत? मोजा." मी काय दहा लाख मोजणार! परत आलो. ती वही बरीच वर्षं घरात होती, पुढची पानं कोरी. शेवटी अम्मीने तिच्यात दुधाचा हिशेब लिहिला.

आता तुम्ही म्हणाल, जाहिरात म्हटली की थोडं इकडचं तिकडचं व्हायचंच. खरं आहे. मी मिरजेच्या उरुसाला लहानपणी फुफूबरोबर जात असे. ख्वाजा शमनामीरांच्या दर्ग्याच्या आसपास पाळणे, मौत का कुआँ, आणि एका तंबूवर भली मोठी रंगवलेली पाटी: अर्धी नागीण, अर्धी कन्या. भोंग्यावरून एक जण घसा फोडून ओरडतोय. आत गेलं की कापडाचा नाग, आणि वर एका मुलीचं खरं डोकं. तिला बिचारीला जांभया येत होत्या. पण बाहेर येऊन कोणी भांडलं नाही. का? पाटीवर नागकन्या होती, आतही नागकन्याच होती, जशी जमली तशी. समजा, पाटीवर नागकन्या आणि आत नेऊन पापड लाटायला बसवलं असतं, तर फुफूने त्या माणसाला सोडलं असतं का?

अतिशयोक्ती हा माझ्या धंद्यातला माल आहे, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. उर्दू-फारसी काव्यशास्त्रात तिला मुबालगा म्हणतात आणि तिच्या तीन पायऱ्या सांगतात. पहिली तबलीग, म्हणजे जी गोष्ट पटेल आणि घडेलही: तुझी वाट पाहत रात्रभर जागलो. दुसरी इग्राक, कल्पना करता येते पण प्रत्यक्षात घडत नाही: महिनाभर डोळा लागला नाही. तिसरी गुलू, जी कल्पनेलाही पटत नाही: माझ्या आसवांनी कृष्णेला पूर आला. (२००५ आणि २०१९ पाहिलेल्या सांगलीकरांना हे उदाहरण आवडणार नाही, माफ करा.) तिन्ही पायऱ्यांवर कवी वाढवतो ते दुःखच. विरहाचा शेर म्हणून मैफलीत बोलावून तो गुळाचे भाव वाचून दाखवत नाही.

हाच फरक ब्रिटनमधल्या जाहिरात मानक संस्थेनेही केलेला दिसतो. २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' नावाचा अंतराळातला गेम आला. त्यातले ग्रह संगणक आपोआप घडवतो, त्यामुळे एकाला जे दिसतं तेच दुसऱ्याला दिसेल असं नाही. जाहिरातीत दाखवलेलं आत सापडत नाही, अशा २३ तक्रारी गेल्या. संस्थेने त्या फेटाळल्या. जाहिरातीतलं जग निवडक असलं तरी खेळातल्या जगासारखंच आहे, असा एकंदर निकाल. म्हणजे इग्राक म्हणा हवं तर. मात्र २०२० मध्ये प्लेरिक्स कंपनीच्या 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' या खेळांच्या खिळे ओढण्याच्या जाहिरातींवर त्याच संस्थेने बंदी घातली. मूळ खेळ तीन सारख्या वस्तू जुळवण्याचा. खिळ्यांचं कोडं आत असलं तरी ते फार क्वचित भेटायचं. सगळी दृश्यं प्रत्यक्ष खेळातली नाहीत, अशी बारीक टीप जाहिरातीत होती. ती पुरेशी नाही, असं संस्थेने बजावलं. माझा नातू खेळत होता तो गेम दुसऱ्याच कुणाचा, पण जात तीच.

हे असं का करतात? मला एका ओळखीच्या तरुणाने समजावलं, तो पुण्यात याच क्षेत्रात आहे. गेम फुकट असतो. लाखो लोकांनी उतरवला, तर त्यातले मूठभर पुढे पैसे खर्च करतात आणि धंदा त्या मुठीवर चालतो. मग एकाच गेमच्या ढीगभर जाहिराती करायच्या, जिच्यावर जास्त बोटं पडतील ती ठेवायची, बाकीच्या काढायच्या. त्या जाहिरातीचा गेमशी संबंध आहे का, हे आकड्यांत कुठे येतच नाही. चिडून गेम काढून टाकणाऱ्याची कंपनीला पर्वा नसते. न चिडणारा, आपलंच चुकतंय असं समजून खेळत राहणारा तिला हवा असतो. हे ऐकलं आणि मला ती वही आठवली.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. टीप टाकून खोटा दावा धुऊन निघत नाही, हेही २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पण ८९ रुपयांसाठी कोण फोन करतो?

आरडाओरडा झाला तो रमीसारख्या पैशांच्या खेळांवर, आणि व्हायलाच हवा होता. तिथे लोकांचे संसार उठले. त्या जाहिरातींत पत्ते खरेच होते, लपवला होता तो हरणारा माणूस. डिसेंबर २०२०पासून जाहिरात मानक परिषदेने जोखमीचा इशारा सक्तीचा केला, तर तो शर्यतीच्या घोड्याच्या वेगाने वाचला जाऊ लागला. २०२३ मध्ये बच्चू कडूंनी सचिन तेंडुलकरांच्या घरासमोर जाहिरातीविरोधात आंदोलन केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती, दोन्हींवर बंदीचा कायदा केला. गोळ्या फोडणारे खेळ या बंदीत येत नाहीत. त्यांत पैसे लावत नाहीत, नुसते देतात.

नातवाला मी समजावलं की ती लेव्हल आत नाहीच, किंवा असली तरी तुझ्या वाट्याला येईल याचा भरवसा नाही. त्याला पटलं नाही. "मग दाखवतात कशाला?" असा त्याचा प्रश्न. सुट्टी होती, म्हणून त्याला सांगलीला घेऊन आलो आणि एका सकाळी मार्केट यार्डात हळदीचे सौदे दाखवायला नेलं. पॉलिश केलेली हळद, सोन्यासारखी चमकत होती. एका खरेदीदाराने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळचं हळकुंड काढलं, कटकन मोडलं आणि आतला रंग पाहिला. पोर बघतच राहिलं.

"नाना, मोडलं तर पैसे द्यावे लागतात?"

"नाही रे. मोडल्याशिवाय कोण घेतंय?"

परतताना रिक्षात तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गेम कुठून मोडायचा असतो?"

मला सांगता आलं नाही. गेम त्याने अजून काढलेला नाही. परवा फोनवर म्हणाला, एकशे चाळिसावी लेव्हल चालू आहे.