रेघ मारण्यापूर्वी
(भाषणाचा संपादित पाठ)



मराठी साहित्य शिकवणारी बाई आज संगणकातल्या चित्रावर सरळ रेघ कशी काढतात हे सांगणार, याचे काहींना नवल वाटले असेल. मी तंत्रज्ञ नाही. पण इंदूरसारख्या गावात आपल्या कितीतरी घरांत जुन्या वह्या, पत्रे, जमाखर्च पडून आहेत आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवण्याचा उत्साह आता वाढतो आहे. त्या उत्साहात माझ्या हातून एक चूक झाली. ती आपल्या हातून होऊ नये, एवढाच बोलण्याचा हेतू.

आपली लिपी रेघेला टांगलेली. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. बाळबोधीत आपण उलट करतो : आधी शब्द, मग त्याच्या डोक्यावर रेघ. ही रेघ सगळीकडे सलग नसते. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर ती तुटते. ती जोडली गेली, तर घाईच्या हस्ताक्षरात ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘भ’चा ‘म’. हे आपण लहान मुलांना शिकवतो. मी तेच विसरले.

एका विद्यार्थिनीने पणजीची हिशोबाची वही वर्गात आणली होती. वही वाळवीने पोखरलेली. आम्ही मोबाइलवर पाने टिपली, पण ओळी तिरप्या आल्या. ओळ किती कलली आहे ते कळले, तर चित्र तेवढेच फिरवून सरळ करता येते. म्हणून प्रत्येक ओळीच्या शिरोरेषेवरून एक लाल रेघ मारायचे ठरले. पायथन या संगणकभाषेत त्यासाठी पिलो नावाचे साधन आहे. रेघेचा पहिला बिंदू, शेवटचा बिंदू, रंग आणि जाडी एवढे सांगितले की रेघ उमटते.

ती उमटते कशी? संगणकातले चित्र म्हणजे बारीक चौकटींचा कागद. चौकटी मोजायच्या त्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. खाली जाताना आकडा वाढतो. रंगीत चित्राच्या प्रत्येक चौकटीत लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ पर्यंतचे एकेक, असे तीन आकडे असतात. २५५, ०, ० म्हणजे शुद्ध लाल. ओपनसीव्ही या दुसऱ्या साधनात मात्र क्रम उलटा, निळ्यापासून. तेच आकडे तिथे दिले तर रेघ निळी निघते.

चौकटींच्या कागदावर तिरपी रेघ खरी म्हणजे पायऱ्यांचीच असते. कोणती चौकट रंगवायची, याची सुटसुटीत रीत जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएममध्ये काम करताना बसवली आणि १९६५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ती तर आपल्या जमाखर्चासारखीच आहे. समजा, सात घरे उजवीकडे आणि तीन घरे खाली जायचे आहे. दर पावलाला तीनची उधारी लिहायची. उधारी साताच्या निम्म्याहून जास्त झाली, की एक घर खाली उतरायचे आणि सात वजा करायचे. पहिल्या पावलाला तीन, उतरायचे नाही. दुसऱ्याला सहा, उतरायचे, बाकी उणे एक. असे करत सातव्या पावलाला तीन घरे उतरून झालेली असतात आणि बाकी शून्य. अपूर्णांक टाळण्यासाठी सगळे आकडे दुप्पट धरतात, एवढेच.

हिशोब चोख. पण त्यात एक प्रश्न कुठेच विचारलेला नाही : ज्या चौकटीत लाल भरायचा, तिथे आधी काय होते? कागदावर पेन्सिलीची रेघ खोडता येते. चित्रात तसे नाही. जुने तीन आकडे जातात, त्यांच्या जागी नवे येतात. रेघेच्या ‘खाली’ काही उरतच नाही.

आम्ही रेघा मारल्या आणि चित्रे त्याच नावाने साठवली. पुढच्या पावसाळ्यात वही भिजून तिचा लगदा झाला. नंतर ती मुलगी एक पान घेऊन आली. पणजोबा आजारी असताना घरात चाळीस रुपये आल्याची नोंद होती. ते ‘मामाकडून’ आले की ‘भामाकडून’? भामा ही पणजीची विधवा बहीण. कठीण दिवसांत तिने घर सावरले, असे आजी सांगे, पण घरात कोणी ते मानत नसे. पहिल्या अक्षराच्या डोक्यावर फट होती की नव्हती, यावर सारे अवलंबून. आणि तिथे माझी पाच चौकटी जाडीची लाल रेघ होती. मला उत्तर देता आले नाही.

वास्तविक आमच्या विद्याशाखेला हे ठाऊक असायला हवे होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांना जिथे पाठाची पूर्ण खात्री नाही, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ आहे आणि पाठभेद तळाशी दिले आहेत. संपादकाचे मत दिसते, पण ते मूळ शब्दावर बसत नाही.

तेच इथे करावे. मूळ चित्राला हात लावू नये. ते टिफ किंवा पीएनजी स्वरूपात वेगळे ठेवावे. जेपीजी पुन्हा पुन्हा साठवले की दर खेपेला थोडा तपशील गळतो. मोबाइलने जेपीजीच दिले, तर ती मूळ फाइल तशीच जपावी. रेघांचे बिंदू आकड्यांच्या साध्या यादीत, निराळ्या फाइलमध्ये लिहावेत. रेघ पाहायची तेव्हा संगणकाने ती प्रतीवर काढावी. यादीतला एक आकडा बदलला की चुकलेली रेघ सुधारते. शिवाय रेघ कोणी आणि का काढली, हेही तिथेच लिहून ठेवता येते.

त्या पानाची प्रत मी आता दरवर्षी पहिल्या तासाला वर्गात लावते. त्या लाल रेघेखाली काय होते, असे मुले विचारतात. मग मी त्यांना भामाची गोष्ट सांगते.