पावसाळ्यानंतरचे गोल्फ

पाऊस सरला की बडोद्यातील हौशी गोल्फपटू आपल्या काठ्या पुसावयास घेतो. १९३०च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाड यांनी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात युरोपीय पाहुण्यांसाठी मैदान आखविले. १९९०च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी त्याचे नूतनीकरण करून ते लोकांस खुले केले. त्यामुळे बाजव्याचा एखादा नोकरदारही राजवाड्याच्या हिरवळीवर उभा राहू शकेल.

मोसमाची तयारी कोणती? थैलीत चौदांहून अधिक काठ्या नसाव्यात; मुठीखालची घसरडी वेष्टने बदलावीत. ओल्या जमिनीवर चेंडू फार घरंगळत नाही आणि माजलेल्या गवतात अडतो. म्हणून आरंभी लांब तडाख्यांपेक्षा जवळच्या हलक्या फटक्यांचा सराव करावा. सव्वाचार इंच व्यासाचा खळगा जोराला नव्हे, संयमाला वश होतो.

खरी तयारी मात्र मनाची. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत अलीकडच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठांवरून खेळाडूची सवलत ठरते. त्यामुळेच नवशिका मुरलेल्या गड्याशी बरोबरीने झुंजतो. परंतु चांगल्या फेऱ्या लपवून सवलत वाढविणारा बक्षीस मिळवील आणि सोबत्यांचा विश्वास गमावील. येथे बहुधा पंच पाठीशी नसतो. गवतात आपल्या हातून चेंडू हलला, तर त्याला साक्षी आपणच.

१९६५ साली बिलू सेठी यांनी हौशी असूनही इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. ती उंची सर्वांस साधणार नाही. पण आपल्या पत्रिकेवर खरा आकडा लिहिणे प्रत्येकास साधेल.