घरचा संगणक आणि बिनतारी जोड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सभेत उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. दरवर्षी या दिवशी मी मागच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवते आणि अल्पोपाहाराच्या तयारीला उठते. पण यंदा चिटणीसबाईंनी धरूनच ठेवले. "तुम्ही घरचा संगणक स्वतःच्या हाताने इंटरनेटला जोडलात, तेच सांगा," असे त्या म्हणाल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मी सांगते ते पुस्तकातले नाही. ठेच लागून शिकलेले आहे.

आमचे घर जुन्या अंबडातले, तुम्हा सर्वांच्या पाहण्यातले. भिंती मातीच्या, दीड हात जाड, वर माळवद. २०२२ साली घरात फायबरचे इंटरनेट आले. तार बाहेरून येते म्हणून बसवणाऱ्याने वायफायचा डबा, ज्याला राउटर म्हणतात, तो ओसरीवरच ठोकला. त्याच सुमारास थोरल्या मुलीच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी आम्ही एक वापरलेला संगणक घेतला. ओसरीवर सासऱ्यांची खाट आणि दिवसभर आल्यागेल्याची ऊठबस, तेव्हा मुलीने तिथे बसून अभ्यास करावा कसा? म्हणून संगणक आतल्या खोलीत ठेवला. झाले! इंटरनेट बाहेर आणि संगणक आत. मध्ये दोन भिंती.

तार ओढावी तर चौकटीला भोक पाडावे लागणार, आणि "माझ्या वडिलांच्या हातच्या चौकटीला भोक पडायचे नाही," असे सासऱ्यांनी बजावले. उंबऱ्यावरून तार न्यावी तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात अडकते. तेव्हा कुणीतरी सांगितले की संगणकाला लावायची एक लहानशी वस्तू मिळते, ती लावली की तारेवाचून इंटरनेट चालते. तिचे नाव वायफाय ॲडाप्टर. दुकानात त्याला डोंगल म्हणतात, म्हणून मीही डोंगलच म्हणते.

मी एस. टी.ने जालन्याला गेले. एका दुकानदाराने बोटाच्या पेराएवढे डोंगल हातावर ठेवले. "काकू, हेच सगळे नेतात. लावले की चालू." मी साडेतीनशे रुपये मोजले. ना त्याने विचारले की घर कसे आहे, ना मी सांगितले. घरी आल्यावर लावले, तर संगणक त्याला ओळखीना. डब्यात एक चिमुकली सीडी होती, पण आमच्या संगणकाला सीडीची खाचच नाही! शेवटी मुलीने तिच्या बाबांचा फोन वायरीने जोडून त्यावरून हवे ते उतरवून घेतले आणि डोंगल सुरू झाले. मग ते सीपीयूच्या मागच्या खाचेत बसवले, टेबल भिंतीला सरकवले आणि आम्ही विसरून गेलो.

पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आली. उत्पन्नाचा दाखला हाती यायला उशीर झाला, म्हणून अर्ज शेवटच्या रात्रीवर गेला. अंबडकर भगिनींना ठाऊकच आहे की शेतावरची वीज रात्रीची असली की पुरुषांना रात्रीच पाणी द्यायला जावे लागते. आमचे हे मोसंबीला पाणी द्यायला गेले होते आणि घरातला एकुलता एक मोठा फोन त्यांच्याबरोबर. माझा फोन साधा, बटणांचा. मुलगी संगणकावर कागद चढवायला बसली. एक कागद चढे, दुसऱ्याला जोड तुटे. पुन्हा जोडावे, पुन्हा पहिल्यापासून भरावे. मी शेजारी बसून नुसती पडद्यावरचे ते गोल फिरणारे चक्र पाहत होते. असे करता करता बारा वाजून गेले. अर्ज अर्धाच राहिला. त्या वर्षीची फी आम्हाला पदरची भरावी लागली, आणि मी गौरीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. मुलगी दोन दिवस जेवली नाही. "आई, माझ्यामुळे झाले," असे म्हणत राहिली.

आम्ही ओळीने सर्वांना दोष दिला. इंटरनेटवाल्याला दिला, दुकानदाराला दिला, नशिबालाही दिला. पुढे दसऱ्याची साफसफाई करताना मी टेबल पुढे ओढले आणि पाहते तो काय, ते डोंगल सीपीयूच्या पत्र्याच्या डब्यामागे, भिंतीला चिकटून, आणि बाजूला माझी लग्नातली लोखंडी पेटी! पुढे पत्रा, बाजूला लोखंड, मागे दीड हात माती. लहरींनी यावे तरी कुठून? मी ते काढून पुढच्या खाचेत लावले. पडद्यावर जोडीची एक रेघ होती, तिच्या दोन झाल्या. मग मुलीने मैत्रिणीकडून दोन हात लांबीची जोडवायर आणली. तिच्या टोकाला डोंगल लावून ते दाराकडच्या खुंटीला टांगले, तर चारपैकी तीन रेघा आल्या. माझ्या मनात चर्र झाले. नाचता येईना अंगण वाकडे असे आपण म्हणतो. इथे अंगणच वाकडे होते, आणि ते कुणी पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून मी ठरवले की या वस्तूची माहिती आपण स्वतः करून घ्यायची. मुलीला विचारून, करून, चुकून जे कळले ते आता क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, विकत घेण्याआधी घर पाहावे. लॅपटॉपमध्ये वायफाय आतच असते, त्याला डोंगल लागत नाही. टेबलावरच्या संगणकातही कधी कधी असते. सीपीयूच्या मागे अँटेना लावायचे दोन पितळी आट्यांचे तुकडे दिसले तर आधी विचारून घ्यावे. मग वायफाय जोडलेला फोन हातात घेऊन संगणक ठेवायच्या जागी जावे आणि तिथे तो नीट चालतो का ते पाहावे. तिथे फोनच मान टाकत असेल तर साधे डोंगलही फार काही करणार नाही. आधी राउटर घराच्या मध्यावर, उंच, लोखंडी कपाटापासून, पत्र्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर हलवावा. आणि राउटर त्याच खोलीत असेल तर डोंगलच्या नादी लागूच नये. साधी लॅनची तार लावावी. ती स्वस्त पडते, तिची जोड तुटत नाही, आणि ती शंभर मीटरपर्यंत चालते.

दुसरी गोष्ट, निवड. वायफायच्या लहरींचे दोन मुख्य पट्टे आहेत, एक २.४ गिगाहर्ट्‌झचा आणि एक ५ गिगाहर्ट्‌झचा. आकड्यांना घाबरू नका. नवरात्रात मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर ढोल वाजला तर खाली गल्लीत ऐकू येतो, पण घुंगरांचा आवाज जवळच्यालाच येतो. २.४ चा पट्टा ढोलासारखा; वेग कमी, पण भिंतीपलीकडे पोचणारा. ५ चा घुंगरासारखा. वेग पुष्कळ, पण जाड भिंतीत विरणारा. स्वस्त डोंगलला बहुधा एकच पट्टा असतो, २.४ चा. गल्लीत सर्वांचे वायफाय त्याच पट्ट्यावर असले की तिथे बाजारासारखा गलका होतो. म्हणून दोन्ही पट्ट्यांचे डोंगल घ्यावे, आणि आपल्या घरात कोणता चांगला चालतो ते लावून पाहावे. आमच्या मातीच्या भिंतींत २.४ च बरा चालतो. माझ्या जावेच्या सिमेंटच्या घरात ५ चा.

जाता जाता सांगते, सासऱ्यांच्या पेटीत जुन्या रेडिओच्या परवान्याचे पुस्तक अजून आहे. पूर्वी घरी रेडिओ ऐकायलाही पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे. घरच्या वायफायला तो जाच नाही. सरकारने २.४ चा पट्टा २००५ साली विनापरवाना वापरासाठी खुला केला आणि ५ चा पट्टा २०१८ साली अधिक मोकळा केला.

डब्यावर एसी ६००, एसी १३०० असे आकडे असतात. तो दोन्ही पट्ट्यांच्या वेगाची बेरीज करून मांडलेला आकडा आहे, आणि संगणक एका वेळी एकच पट्टा वापरतो. एसी ६०० मध्ये एका पट्ट्याचे सुमारे दीडशे आणि दुसऱ्याचे सुमारे सव्वाचारशे धरलेले असतात. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतो. आपण इंटरनेट घेतो ते तीस, चाळीस किंवा शंभर वेगाचे. मग मोठ्या आकड्याला जास्त पैसे कशाला? चार माणसांच्या घरी लग्नाचे पातेले घेण्यासारखे ते होते. मोठा आकडा घेतलाच तर ते डोंगल यूएसबी ३ च्या खाचेत लावावे; ती बहुधा आतून निळी असते. त्यापेक्षा बाहेर अँटेना असलेले डोंगल घेण्यात पैसे सार्थकी लागतात. पेराएवढे डोंगल दिसायला नाजूक, पण जाड भिंतीच्या घरात ते कमी पडते.

आणखी एक. आपल्या संगणकात विंडोज कोणते आहे ते कागदावर लिहून दुकानात न्यावे आणि डब्यावर तेच लिहिलेले आहे का ते पाहावे. विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तरी घरोघर ते अजून चालू आहे. आणि दुकानदाराला स्पष्ट विचारावे, "न चालल्यास परत घ्याल का? पावती द्या."

तिसरी गोष्ट, बसवणे. संगणक आणि डोंगल यांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. पुष्कळ डोंगलांचा दुभाष्या नव्या विंडोजमध्ये आधीच असतो. काही डोंगलांच्या पोटातच असतो; लावल्यावर ते पेन ड्राइव्हसारखे दिसते, ते उघडून आतली सेटअपची फाइल चालवावी. तोही नसेल तर फोन चार्जिंगच्या वायरीने संगणकाला जोडावा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करावे, आणि डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर उतरवावा. भलत्या ठिकाणचा घेऊ नये, त्यातून रोग शिरतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावापुढे पिवळी खूण दिसत असेल तर दुभाष्या अजून आलेला नाही असे समजावे.

हे टेदरिंग नीट लक्षात ठेवा. डोंगल ऐन वेळी बिघडले तर फोन वायरीने जोडून तेवढी वेळ निभावता येते. त्या रात्री फोन घरात असता आणि मला एवढे ठाऊक असते, तर अर्ज गेला असता.

मग उजव्या कोपऱ्यातल्या खुणेवर टिचकी मारून आपल्या वायफायचे नाव निवडावे आणि पासवर्ड घालावा. पासवर्ड कधीही उघडा ठेवू नये. राउटरमध्ये डब्ल्यूपीए २ किंवा ३ असे कुलूप निवडावे. शेजारधर्म म्हणून ताक द्यावे, विरजण द्यावे, पण पासवर्ड वाटत फिरू नये. आपल्या इंटरनेटवरून कुणी भलते केले तर चौकशी आपल्या दारी येते.

आणि डोंगल कधीही सीपीयूच्या मागे दडपू नये. जोडवायर लावून ते उंच, मोकळ्यावर ठेवावे. शेजारच्या निळ्या खाचेत हार्ड डिस्क चालू असली तर २.४ च्या लहरींत व्यत्यय येतो, म्हणूनही ते चार वितीवर असलेले बरे.

शेवटची गोष्ट माझ्या मते सर्वांत मोठी. बसवल्या दिवशीच कसून पाहावे. एखादा मोठा कागद चढवून पाहावा, अर्धा तास व्हिडिओ लावून पाहावा, संध्याकाळी गल्लीत सर्वांचे चालू असताना पाहावा. नवी शेगडी आपण पाहुणे यायच्या दिवशी पहिल्यांदा पेटवत नाही. संगणकाचे तसेच आहे.

पुढच्या वर्षीचा अर्ज मुलीने पहिल्या आठवड्यातच भरला, त्याच संगणकावर, आतल्या खोलीत बसून. मी शेजारी भाजी निवडत होते. कागद एकामागून एक चढत गेले, आणि तिने वळून माझ्याकडे पाहिले. दोघी काही बोललो नाही.

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या खोलीतही एक संगणक आहे. तार पोचत नाही म्हणून तो कापडाखाली झाकलेला आहे, आणि बचत गटाच्या कामासाठी आपण कुणाच्या तरी मुलाची वाट पाहत बसतो. समोरच्या ताईंच्या घरून राउटरच्या लहरी तिथवर येतात, हे मी काल फोन घेऊन पाहून आले. त्यांची हरकत नाही, आणि पासवर्ड त्या स्वतः येऊन घालणार आहेत. येत्या शनिवारी दुपारी मी माझी जोडवायर घेऊन येते. डोंगल आपण सर्वांनी मिळून बसवू. ज्यांच्या घरी संगणक असाच पडून आहे त्यांनी जरूर यावे. काम अर्ध्या तासाचे आहे, आणि एकदा हाताखालून गेले की भीती उरत नाही.