जाण्याची कारणे आणि राहण्याची सोय
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



माणसाला चंद्रावर वस्ती कशाला हवी, हा आजचा विषय. तो सिंधीपुऱ्यात निघावा हे योग्यच, कारण आपल्या पुऱ्याचे नावच स्थलांतरातून आलेले आहे. सोळाव्या शतकात सिंधमधील अशांततेला कंटाळून सूफी संत व त्यांची मंडळी बऱ्हाणपुरास आली. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर शहर मराठ्यांकडे आले आणि आपली मराठी घरे इथे रुजत गेली. कोणी आसऱ्यासाठी आले, कोणी पोटासाठी, कोणी नावलौकिकासाठी.

अंतराळात जाऊ पाहणाऱ्यांची कारणेही हीच आहेत. पृथ्वीवर संकट आले तर दुसरे घर हवे, खनिजे हवीत, देशादेशांत चढाओढ आहे आणि कुतूहल तर आहेच. चढाओढीच्या जोरावर १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. पण १९७२ नंतर तिथे कोणी पाऊल ठेवले नाही. जाणे जमले, राहण्याची सोय नव्हती.

ती सोय पाण्यापासून सुरू होते. बऱ्हाणपुरात किती लष्करे आली नि गेली. पण १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारात गोळा करून नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणले गेले. तोच आपला कुंडी भंडारा. २००८ मध्ये निघालेल्या आपल्या चांद्रयान-१ ने चंद्रावर पाण्याच्या खुणा शोधल्या आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरले. ध्रुवाजवळच्या कायम अंधाऱ्या विवरांत बर्फ आहे. त्यातून पिण्याचे पाणी, श्वासाला प्राणवायू आणि इंधनाला हायड्रोजन मिळू शकेल.

आपला देश या वाटेला लागला तो मात्र खेड्यांसाठी. विक्रम साराभाईंचे सहकारी, कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांनी १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोग सांभाळला. उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती-आरोग्याचे कार्यक्रम पोहोचले. आपल्या मध्य प्रदेशातील खेडीही त्यांत होती.

म्हणून मंडळी, आपली मुले पुण्या-बंगळुरूला जावोत, उद्या चंद्रावरही जावोत. पण आज कुंडी भंडाऱ्यात क्षार साचत आहेत, भूजल खाली चालले आहे. चारशे वर्षे वाहणारे पाणी आपण आटू दिले, तर चंद्रावर थेंब थेंब जपायला मुलांना कोण शिकवणार? विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांना घेऊन आपण सारे कुंडी पाहायला जाऊ आणि ती राखण्यासाठी मंडळाला काय करता येईल, ते तिथेच ठरवू.

गणपती बाप्पा मोरया!