दारातली बंदूक आणि परंपरेची साक्ष



मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. 2019 साली कंपनीच्या कामासाठी न्यू जर्सीत होतो. 15 मार्चला न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत जुम्याच्या नमाजासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. 51 माणसं मारली गेली. त्याच शुक्रवारी मी आमच्या मशिदीत गेलो, तेव्हा दारात पोलिसांची गाडी उभी होती. ती पाहून बरं वाटलं, आणि बरं वाटावं याचंच वाईट वाटलं.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. प्रार्थनेच्या जागी बंदूक आणायची की नाही, हे कोणी ठरवायचं? सरकारनं, त्या जागेच्या विश्वस्तांनी, की ज्याच्या कमरेला बंदूक आहे त्यानं?

अमेरिकेतली न्यायालयं सध्या अशाच प्रश्नांशी झगडत आहेत. घराबाहेर पिस्तूल बाळगायचं तर खास कारण दाखवा, असा न्यूयॉर्कचा शंभरहून अधिक वर्षं जुना नियम होता. 23 जून 2022 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'ब्रुएन' खटल्यात 6 विरुद्ध 3 मतांनी तो रद्द केला. वर एक कसोटीही घालून दिली: शस्त्रांवर बंधन घालायचं असेल, तर तसं बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतं हे सरकारनं सिद्ध करावं.

आठवडाभरात न्यूयॉर्कनं नवा कायदा केला. शाळा, उद्यानं, भुयारी रेल्वे, प्रार्थनास्थळं अशा ठिकाणी बंदुकीला बंदी घातली. त्याला लगेच आव्हानं मिळाली. काही पाद्रीही न्यायालयात गेले. आमच्या चर्चचं रक्षण आम्ही करू, असं त्यांचं म्हणणं होतं. 2023 मध्ये राज्यानं कायदा बदलला आणि प्रार्थनास्थळाची सुरक्षा सांभाळणाऱ्यांना सूट दिली. न्यू जर्सीतली ती दुपार आठवली की मला ते पाद्री समजतात.

आता हवाईकडे या. तिथल्या 2023 च्या कायद्यानुसार दुकानात, हॉटेलात बंदूक न्यायची तर मालकाची स्पष्ट परवानगी हवी. न्यूयॉर्कनंही असाच नियम केला होता. सप्टेंबर 2024 मध्ये एका अपील न्यायालयानं हवाईचा नियम बहुतांशी उचलून धरला. ऑक्टोबर 2024 मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयानं न्यूयॉर्कचा तसाच नियम लोकांना खुल्या असलेल्या जागांपुरता रोखून धरला. देश एक, कसोटी एक आणि उत्तरं दोन! 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हवाईचं प्रकरण सुनावणीला घेतलं.

हवाईच्या बाजूनं जे जुने कायदे पुढे आले, त्यात लुइझियानाचा 1865 चा एक कायदा आहे. गुलामगिरी नुकतीच संपली होती आणि दक्षिणेतली राज्यं मुक्त झालेल्या काळ्या माणसांना दाबण्यासाठी भराभर कायदे करत होती, त्या काळातला. चांगल्या हेतूच्या नियमाला अशा कायद्याची साक्ष काढावी लागते, तेव्हा दोष त्या नियमाचा की त्या कसोटीचा?

इथे मला आपलं घर आठवतं. 'आपल्यात पूर्वीपासून असंच आहे' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. बहिणीच्या शिक्षणाबद्दल ऐकलंय, तिच्या तलाकबद्दल ऐकलंय. ती परंपरा ठरवताना त्या बहिणीला कोणी विचारलं होतं का? अमेरिकेतही 1791 साली, जेव्हा शस्त्राचा हक्क संविधानात आला, तेव्हा बायकांना आणि गुलामांना कोणी विचारलं नव्हतं.

इतिहास फेकून द्या, असं मी म्हणत नाही. आमच्या कामातही जुना कोड कोणी, का लिहिला हे आधी शोधतात. पण तो आज कोणाच्या उपयोगाचा आहे आणि कोणाला त्रास देतो, हे तपासल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. 2024 च्या 'रहिमी' निकालात त्या सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की हुबेहूब जुना कायदा सापडायलाच हवा असं नाही, त्यामागचं तत्त्व जुळलं तरी पुरे.

आपल्या संविधानानं वेगळी वाट घेतली. अनुच्छेद 19 एकत्र जमण्याचा हक्क देतो, पण शांततेनं आणि शस्त्राविना. या देशात बंदूक हा मूलभूत हक्क नाही. 1959 च्या कायद्याप्रमाणे तिला परवाना लागतो.

म्हणून एवढंच सांगतो. परंपरेला साक्षीदार म्हणून जरूर बोलवा, तिची उलटतपासणीही घ्या. न्यायाधीशाच्या खुर्चीवर मात्र तिला बसवू नका. ती खुर्ची आज जगणाऱ्या माणसांच्या हक्कांसाठी आहे. त्यात दारातली ती गाडी पाहून नमाजाला आत गेलेला माणूसही आला.